आशीर्वाद नको, कोठी हवी

आर्णीला पाहण्यासारखं आहे तरी काय, असं निघण्यापूर्वी मला ऑफिसातल्या चौघांनी विचारलं. मी काही पाहायला चालले नव्हते, सांगायला चालले होते. परत आल्यापासून तेच चौघे 'कसा झाला प्रवास?' म्हणून रोज विचारतात. त्यांना, आणि त्या बाजूला कधी न गेलेल्या सगळ्यांनाच, एकदा सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हे लिहिते.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे पुढे कुणी अडखळायला नको. मी वसुधा, वय अठ्ठेचाळीस. नाशिकच्या एका औषध कारखान्याचं भांडार सांभाळते. काय आलं, काय गेलं, काय संपत आलं, हे मला विचारायचं. मी जन्मले तेव्हा मुलगा झाला म्हणून पेढे वाटले गेले आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं जगाने मला पुरुष समजलं. मी तो कधीच नव्हते. चार वर्षांपूर्वी उपचार सुरू केले, कागदपत्रं बदलून घेतली. कुणाकुणाला सांगायचं याची यादी केली, कारण मी यादीशिवाय भाजीलाही जात नाही. बहीण, ऑफिस, बँक, सोसायटीचे सेक्रेटरी, एकेका नावापुढे खूण होत गेली. बिनखुणेचं एकच नाव उरलं, गजानन.

अमरावतीला शिकत असताना गजू आणि मी तीन वर्षं वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलो. आता आर्णीजवळच्या गावात त्याची कापूस-तुरीची शेती आहे आणि आर्णीत मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान. अठ्ठावीस वर्षं दर रविवारी आमचा फोन होतो. आवाज माझा जुनाच राहिला, त्यामुळे त्याला काही कळलं नाही आणि व्हिडिओ कॉल आला की मी रेंज नसल्याचं सांगायची. मग त्याच्या मुलीचं, कोमलचं, लग्न येत्या फाल्गुनात करायचं ठरलं आणि तो म्हणाला, "कोठी तुह्याकडं बे! तुह्यासारखा याद्या करणारा मानूस साऱ्या जिल्ह्यात नाई."

लग्नघरात शिधा, तेल, साखर, भांडी, मानपानाच्या साड्या ज्या खोलीत ठेवतात ती कोठी. तिची किल्ली सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे असते. मी आनंदाने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ही किल्ली जिच्या हातात पडणार आहे, तिला गजूने अजून पाहिलेलंच नाही.

यवतमाळ

बडनेऱ्याला गाडीतून उतरून बस धरली. आमच्या नाशिककडे रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे मांडव दिसतात. इकडे कापसाचे ट्रक बाभळींना घासून जातात, त्यामुळे मैलोन् मैल काट्यांना कापूस लटकलेला. तूर पिवळ्या फुलावर होती. डिसेंबरचं ऊन अंगाला बरं वाटत होतं.

बेत असा होता की पहिल्या दिवशी यवतमाळला मुक्काम करायचा, आंघोळ करून शांतपणे गजूला फोन करायचा, कागदावर लिहून नेलेले सात मुद्दे त्याला क्रमाने सांगायचे, आणि तो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी आर्णीला जायचं. नाही म्हणाला तर परतीची बस. हा बेत स्टँडजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर मोडला.

"मॅडम, एकट्या लेडीजले रूम देत नाही आमी," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"का?"

"नियम हाये."

"कुठे लिहिलाय? दाखवा."

माझा आवाज ऐकून त्याने मान वर केली. मला पाहिलं, आधार कार्ड पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. "अच्छा अच्छा. तुमी ते हाये काय? मंग तं बिलकूलच नाही. इथं फॅमिली उतरते."

"एक काहीतरी ठरवा," मी म्हटलं. "मी एकटी बाई आहे म्हणून खोली नाही, की मी बाई नाही म्हणून खोली नाही? दोन्ही कारणं एकाच माणसाला कशी लागू होतील?"

"मॅडम, वाद नका घालू. मालकाले सांगा."

"कुठे आहेत मालक?"

"जेवाले गेले."

दुसऱ्या लॉजचे मालक जेवायला गेले नव्हते, तरी उत्तर तेच मिळालं. भांडारात एखादा माल परत पाठवायचा तर मला कारण लेखी द्यावं लागतं, खाली सही लागते. माणूस परत पाठवायला काहीच लागत नाही, ना कारण, ना सही.

स्टँडवर येऊन तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू असतं, इथे लालभडक तर्री ओततात, वर हरभरे. रागाच्या भरात तिखट खाऊ नये हे त्या दिवशी शिकले. डोळ्यांतून पाणी येत असतानाच गजूला फोन केला आणि सांगितलं की आजच येते आहे, चारची बस.

"ये ना बे!" तो ओरडलाच. "माय सकाळपासून विचारून राह्यली."

आर्णी

गजू स्टँडवर उभा होता. केस पांढरे झालेले, पोट थोडं सुटलेलं, बाकी तोच. मी बसमधून उतरून त्याच्यापासून चार पावलांवर थांबले. तो माझ्यावरून नजर फिरवून मागच्या प्रवाशांकडे पाहत राहिला. सगळे उतरले. मग त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्या पर्समधला वाजला.

"कुठी हायेस बे? बस तं रिकामी झाली."

"तुझ्यासमोर आहे."

"कोठं समोर? समोर तं एक बाई उभी हाये."

"तीच," मी म्हटलं.

तो फोन कानाला तसाच लावून माझ्याकडे पाहत राहिला. मीही फोन खाली घेतला नाही. बराच वेळ आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांचा श्वास फोनवर ऐकत होतो. मग तो म्हणाला, "बॅग दे."

समोरच्या टपरीवर त्याने दोन चहा आणि एक प्लेट आलुबोंडा सांगितला. सात मुद्द्यांचा कागद पर्समध्येच राहिला. मी चार वाक्यांत सांगून टाकलं. की हे आजचं नाही, लहानपणापासूनचं आहे. की हा आजार नाही. की उपचार झाले, कागद झाले, नोकरी आहे तशी आहे. की माझं नाव आता वसुधा आहे आणि त्याने मला तेच म्हणावं. बिघडलेल्या गाडीचा आवाज नेमका कुठून येतो हे कान लावून शोधतात तशी मान तिरकी करून तो ऐकत होता.

"दुखलं का?" त्याने विचारलं. हा पहिला प्रश्न.

"थोडं."

"जवळ कोण होतं?"

"बहीण होती."

त्याने मान हलवली. आलुबोंड्याची अख्खी प्लेट माझ्याकडे सरकवली आणि स्वतः एक घासही घेतला नाही. मला वाटलं माया आहे. वसतिगृहात आम्ही एका ताटात जेवायचो, शेवटच्या घासासाठी भांडायचो. हा माणूस कधीही, कुणासाठीही अख्खी प्लेट सोडणारा नव्हता. तेव्हाच संशय यायला हवा होता.

घरी पोचल्यावर त्याने मला अंगणात थांबवलं. "मी आत सांगून येतो. तुमी उभ्या राहा." तुमी! मी ऐकलं, पण गोंधळला असेल म्हणून सोडून दिलं.

पाच मिनिटांनी त्याची माय बाहेर आली. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. वसतिगृहात असताना हिनेच पाठवलेल्या ठेच्यावर आम्ही जगलो. मी दिवाळीला यांच्या घरी आले की 'वाळला रे वाळला' म्हणत हिने माझ्या पाठीत धपाटे घातलेत. मागून गजूची बायको सुनंदा पाट आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात, आमच्याकडेही देतात. मी पाटावर उभी राहिले आणि तांब्यासाठी हात पुढे केला. पण माय खाली बसली आणि स्वतःच्या हातांनी माझे पाय धुवायला लागली.

"माय, हे काय करता?"

तिने माझ्या पायांवर हळद-कुंकू वाहिलं. सुनंदाने सूप आणलं. त्यात गहू, नारळ, हिरवी साडी. कोमलला माझ्यासमोर बसवलं. कोमल चोवीस वर्षांची, फोनवर मला 'काका, माझ्यासाठी काय आणता?' म्हणून छळणारी पोरगी. ती डोक्यावर ओढणी घेऊन खाली मान घालून बसली होती.

"माय, पोरीच्या डोक्शावर हात ठेवा," गजूची माय मला म्हणाली. "सासरी सुखी राहो म्हना. तुमच्या तोंडचं खाली जात नाही."

ऐंशी वर्षांची बाई मला माय म्हणत होती. मी गजूकडे पाहिलं. तो उंबऱ्यात हात जोडून उभा होता.

मला इतका संताप आला की पाटावरून उतरताना तांब्या लवंडला. "माय, तुम्ही माझ्या पाठीत धपाटे घातलेत. आज पाय कसले धुता?"

"तव्हा मले कोठं मालूम होतं!" ती कान धरत म्हणाली. "पाप पडलं माह्या हातून. माफी करा."

जेवणात तुरीच्या ओल्या सोल्यांची, म्हणजे हिरव्या दाण्यांची, भाजी होती, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. सोल्यांची भाजी नाशिकला मिळत नाही आणि मला ती फार आवडते. पण मला एकटीला आधी वाढलं, वेगळ्या पाटावर, आणि सगळं घर भिंतीला टेकून मी जेवते कशी ते भक्तिभावाने पाहत होतं. इतकं वाईट जेवण मी लॉजच्या पायरीवरही जेवले नसते.

शेतात

सकाळी उठून अंगणात आले तर शेजारची म्हातारी सुनेला घेऊन हजर. माय रात्रीतच आळीत सांगून आली होती. "तीन वर्षं झाले, पाळणा हालला नाही," म्हातारी म्हणाली. "हात फिरवा हिच्या पोटावरून."

"दोघांची तपासणी झाली का?" मी विचारलं.

"कायची तपासणी?"

"यवतमाळला डॉक्टर आहेत. आधी मुलाची तपासणी करा. ती सोपी असते, लवकर होते. मग सुनेची. त्याच क्रमाने." मी वहीतला कागद फाडून क्रम लिहूनही दिला. म्हातारीचं तोंड आंबलं. सून मात्र, तोवर खाली पाहत होती ती, पहिल्यांदा वर बघून नीट ऐकायला लागली आणि कागद तिनेच घेतला.

इथे एक स्पष्ट करते. दारोदार जाऊन टाळी वाजवून आशीर्वाद देणाऱ्या माझ्या बहिणींना मी कमी लेखत नाही. जगाने त्यांना दुसरं कुठलं काम दिलंच नाही, आणि जे हाती उरलं त्यावर त्या जगतात. माझा राग जगावर आहे. लॉजवाल्याने मला पायरीवरून परत पाठवलं आणि गजूच्या घराने मला पाटावर बसवलं, पण सतरंजीवर, सगळ्यांच्या रांगेत, जागा दोघांनीही दिली नाही. मी म्हणते, दोघांत फरक काय?

दहा वाजता सगळे शेतात गेलो. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया कमरेला ओटी बांधून रांगेने पुढे सरकत होत्या, त्यांच्या गोर बोलीत गप्पा चालल्या होत्या. मी सुनंदाकडून एक ओढणी मागून घेतली, ओटी बांधली आणि कपाशीच्या एका तासात, म्हणजे ओळीत, उभी राहिले. रिकामं बसून पुजून घेण्यापेक्षा हे बरं.

थोड्या वेळाने शेजारच्या तासातून सुनंदा म्हणाली, "रागानं वेचलं की कापसात काडीकचरा येते. हळू."

कालपासून मला कुणी म्हटलेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं. मी हळू वेचायला लागले.

दुपारी तुरीच्या कडेला गजू आला. पायातल्या ढेकळांशी खेळत म्हणाला, "लग्नाचं बोलाचं होतं. तुमी हळदीच्या दिवशी या. पोरीले आशीर्वाद द्या, साडी-चोळी करू, मोठा मान करू. मंग... दुसऱ्या दिवशी व्याही येते दिग्रसचे. त्यायले उगाच प्रश्न पडते. तव्हा त्याच्या आंधी गाडी करून देतो यवतमाळपर्यंत."

"आणि कोठी?"

"ते माह्या साळ्याले सांगतो. तुमाले कायले तरास?"

"तुझा साळा," मी म्हटलं, "गेल्या लग्नात साखर विसरला होता. तूच सांगितलंस मला."

"तुमी कामं काहून कराल? तुमी फक्त हात ठेवा."

मग मात्र मी बोलले. वेचणाऱ्या बाया थांबून पाहायला लागल्या तरी बोलले. "गजू, मला टायफॉइड झाला होता तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेऊन मोसंबीचा रस पाजलास. उलटी झाली ती तू पुसलीस. त्याच माणसापुढे तू काल हात जोडून उभा होतास. मी बदलले ते मला माहीत आहे. तू कशाने बदललास?"

"मंग काय करू मी?" तोही चिडला. "मले काय मालूम? आपल्या इकडं असं मानूस दारात आलं तं एकच काम असते. टाळी वाजते, आपण साडी-नारळ देतो, ते हात ठेवते अन् जाते. मले दुसरं कोणी दाखोलंच नाही!"

"जाते! नेमकं तेच. तुला मी जायला हवी आहे."

"मले?" त्याने हातातलं ढेकूळ तुरीत भिरकावलं, आणि रागाच्या भरात त्याचं सगळं 'तुमी' गळून पडलं. "तीन वर्षं एका खोलीत राह्यलो. नापास झालो ते बापाले नाही सांगतलं, तुले सांगतलं. धामणगावच्या पोरीले चिठ्ठी लिहिली, तुले दाखोली. बाप मेला तव्हा पयला फोन तुले केला. अन् तू? तू येवढी मोठी गोष्ट पोटात ठेऊन माह्याशी अठ्ठावीस वर्षं बोलून राह्यला? मी कोणाशी बोलत होतो मंग? मले भरवशाचा नाही समजलं तू. अन् मले इचारते, मी कशानं बदललो!"

सात मुद्द्यांत याचं उत्तर नव्हतं. लोक काय विचारतील, हसतील, कुठली नावं ठेवतील, सगळं मी लिहून काढलं होतं. मित्राला राग येईल तो मी न सांगितल्याचा, हे मला सुचलंच नव्हतं. बांधावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी तयार होती, सुनंदा जेवायला हाका मारत होती. आम्ही दोघं दोन टोकांना बसून जेवलो. रोडगे उत्तम होते, आणि ते मी तीन खाल्ले हेही खरं. राग असला की मला भूक लागते.

आर्णी, परतीचा दिवस

बाराच्या बसने निघायचं होतं. गजूला आर्णीत लग्नपत्रिकेचा नमुना तपासायचा होता आणि सुनंदाला बांगड्या बघायच्या होत्या, म्हणून तिघंही निघालो. छापखाना स्टँडच्या मागेच आहे. मालक चष्मा कपाळावर चढवून बसलेले, भिंतीवर पाटी, 'नावं मोठ्यानं वाचून सही केल्याशिवाय छपाई होणार नाही.' त्यांनी मला कारण सांगितलं. या भागात पत्रिकेतून एखाद्याचं नाव सुटलं तर ते घर लग्नाला येत नाही, पुढची दहा वर्षं बोलत नाही, आणि खापर छापखान्यावर फुटतं. म्हणून गिऱ्हाइकाने स्वतः प्रत्येक नाव वाचायचं. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या कारखान्यात असती तर निम्मे घोळ झालेच नसते.

नमुना हातात घेऊन सुनंदाने तो सरळ माझ्याकडे दिला. "तुमाले याद्या समजते. पाहा जरा."

"अवो, त्यायले कायले देते..." गजू पुढे झाला, तोवर मी वाचायला लागले होते.

वर 'शुभाशीर्वाद'. कुलदैवत, ग्रामदैवत, गजूचे कै. आजोबा, कै. आजी, कै. वडील. आणि त्यांच्या खाली 'प. पू. माताजी, नाशिक'.

"ही कोण?" मी विचारलं. गजू भिंतीवरच्या पाटीकडे बघायला लागला.

"गजू, या रकान्यात देव आहेत आणि मेलेली माणसं आहेत. मी यातली कोण? आणि नावसुद्धा नाही! माताजी, नाशिक! एवढ्या मोठ्या नाशकात पत्रिका वाचणाऱ्याने कुठल्या माताजी समजायच्या?"

"मान म्हणून काल फोनवर टाकायले सांगतलं..."

"'व्यवस्थापक' कुठे आहे?" मी पान उलटलं. तिथे सोळा नावं होती, साळा पहिल्या क्रमांकावर. सोळाच्या सोळा पुरुष. "कोठी मी सांभाळणार असं तू दोन महिन्यांपूर्वी बोललास. मग माझं नाव इथे यायला हवं."

गजूने मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, "बरं. व्यवस्थापकात टाकतो. पण जुनं नाव टाकतो, श्री लावून. लोकायले तेच मालूम हाये. व्याही बी चूप, माय बी चूप. कोठी बी तुह्याकडं. अखीन काय पाह्यजे?"

हे त्याने फार मायेने सांगितलं, म्हणून जास्त लागलं. म्हणजे मी देवांच्या रांगेत चालते, मेलेल्यांच्या रांगेत चालते, आणि चव्वेचाळीस वर्षं ज्या नावाखाली गुदमरले त्या नावाने तर अगदी सहज चालते. फक्त स्वतःच्या नावाने, जिवंतपणी, एखादं काम करणारी म्हणून चालत नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्या नावाची व्यक्ती तुझ्या मुलीच्या लग्नाला येणार नाही, कारण ती नाही. माताजीही येणार नाही. वसुधा येईल, कोठीची किल्ली घेऊन, आणि व्याही जेवून उठेपर्यंत थांबेल. ते जमत नसेल तर माझं नाव कुठेच घालू नको. बस बाराची आहे."

"बायांची नावं व्यवस्थापकात नसते ना पण!" तो कळवळून म्हणाला. "कोणाच्याच पत्रिकेत नसते. इचार यायले."

छापखान्याच्या मालकांनी मान डोलावली. "नसते खरं."

तेव्हा सुनंदा बोलली. एवढा वेळ ती दारात उभी होती. "काहून नसते? तुमच्या दोन्ही बहिणींचं लग्न कोणं उरकलं? पुतण्याचं कोणं? चारशे मानसायचं पीठ कोणं मळोलं? तुमी तं मांडवात टोपी घालून 'या, बसा' करून राह्यलते. माहं नाव कोठं हाये? खाली 'समस्त परिवार'. मी समस्त हाव काय?"

मालक चष्मा पुसायला लागले. बाकावर एक बाई बारशाच्या पत्रिकांसाठी थांबली होती, ती आमच्याकडे पूर्ण वळून बसली.

"व्याही काय म्हणतीन?" गजूने शेवटचा प्रयत्न केला.

"जेवण चांगलं असलं तं काय बी नाही म्हणत व्याही," सुनंदा म्हणाली. "साखर विसरली तं म्हणतीन."

घड्याळात साडेअकरा झाले होते. मी बॅग उचलली. जायच्या आधी एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती कुठल्याही कागदावर नव्हती. "काल तू विचारलंस त्याचं उत्तर देते," मी गजूला म्हटलं. "मी तुला तेव्हा सांगितलं नाही, ही माझी चूक. सांगितलं तर तू दुसरी खोली घेशील अशी भीती वाटायची, म्हणून नाही सांगितलं. पुढे दर रविवारी वाटायचं, फोन बंद होईल. आता सांगितलंय. आता जे होईल त्यातली चूक तुझी."

त्याने नमुन्याचा कागद टेबलावर सपाट केला. मग मालकांच्या टेबलावरचं पेन उचललं, 'शुभाशीर्वाद'मधली शेवटची ओळ खोडली आणि 'व्यवस्थापक'खाली काहीतरी लिहिलं. कागद त्यांच्यापुढे सरकवला. मालकांनी संगणकावर दुरुस्ती केली, नवा नमुना काढला आणि पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचा. मोठ्यानं."

गजूने घसा साफ केला आणि पाढे म्हटल्यासारखी सोळा नावं म्हटली. सतराव्याला थांबला. "सौ. सुनंदा," तो म्हणाला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण बायकोचं नाव त्याने कधी चारचौघांत घेतलं नसणार, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुनंदा बाहेर रस्त्याकडे बघायला लागली. पदराआड ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

मग तो पुन्हा थांबला. गेल्या तीन दिवसांत त्याने मला तुमी म्हटलं, माताजी केलं, रागात तूही म्हटलं. मी त्याला टपरीवर सांगितलं होतं ते एकदाही म्हटलं नव्हतं.

"वसुधा शेवाळे," त्याने वाचलं. "नाशिक."

"ह्या कोण?" मालकांनी विचारलं. "नातं काय? लोक आमाले इचारते, म्हणून."

"दोस्त हाये माही," गजू म्हणाला. "अमरावतीले तीन वर्षं एका खोलीत राह्यलो आमी."

मालकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. गजूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गजूकडे. बाकावरची बाई पुढे सरकली.

"एका खोलीत?"

"हाव," गजू म्हणाला, आणि त्याचा आवाज आता स्टँडपर्यंत ऐकू जात असावा. "एका खोलीत, एका ताटात. पाहून काय राह्यले? पाचशे छापा." आणि त्याने सही केली.

बाराची बस मी जाऊ दिली. माय अजून पाया पडणारच होती, दिग्रसचे व्याही अजून यायचे होते, आणि माझा राग जेमतेम निम्मा उतरला होता. पण कोठीची खोली मी अजून पाहिली नव्हती, आणि ती न पाहता यादी कशी करणार?